कागदांना न कळलेलं

लंडन लायब्ररी हे १८४१ साली स्थापन झालेलं खरंखुरं ग्रंथालय. तिथं रोलंड मिचेल नावाचा तरुण संशोधक एक जुना, धुळीनं माखलेला ग्रंथ उघडतो आणि त्यातून दोन कागद निघतात. रँडॉल्फ हेन्री अ‍ॅश या व्हिक्टोरियन कवीनं एका अनोळखी बाईला लिहायला घेतलेल्या पत्राचे ते खर्डे. कवी विवाहित, एकनिष्ठ म्हणून ख्यात. मग ही बाई कोण? रोलंड ते कागद गुपचूप खिशात घालतो. ए. एस. बायट यांच्या ‘पझेशन’ या कादंबरीची ही सुरुवात. १९९० सालचं बुकर पारितोषिक तिला मिळालं.

गंमत अशी, की हा अ‍ॅश कधी जन्मलाच नाही, आणि ती बाई, म्हणजे कवयित्री ख्रिस्ताबेल लमॉट, तीही नाही. दोघांच्या कविता, पत्रं, अ‍ॅशच्या बायकोची रोजनिशी, इतकंच काय, आधुनिक समीक्षकांची जड टिपणंही बायट यांनीच रचली. अ‍ॅशच्या ऐसपैस काव्यात ब्राउनिंगची चाल जाणवते. ख्रिस्ताबेलच्या आखूड, तुटक ओळींत एमिली डिकिन्सनची. एकाच लेखणीतून दोन कवी!

या कविता शोभेसाठी नाहीत. शोधाची किल्ली त्यांच्यातच आहे. लिंकनशायरमधल्या जुन्या वाड्यात मॉड बेली या संशोधिकेला ख्रिस्ताबेलची, गुपित सांभाळणाऱ्या बाहुल्यांची कविता आठवते. ती बाहुल्यांच्या पलंगावरची गादी उचलते. खाली पत्रांचे गठ्ठे! लगेच मालकीचा वाद उभा राहतो. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि पुढे वारसांचा, असं इंग्लंडचा कायदा म्हणतो. एक धनाढ्य अमेरिकी प्राध्यापक तर पुराव्यापायी अ‍ॅशची कबरच उकरतो.

(कादंबरी वाचायची असेल, तर इथंच थांबा.)

कबरीतल्या पेटीत ख्रिस्ताबेलचं न उघडलेलं पत्र सापडतं: आपल्याला मुलगी झाली होती. पेटीत केसांची वेणीही असते. संशोधक दोन निष्कर्ष काढतात. केस ख्रिस्ताबेलचे, आणि लेकीबद्दल काहीच न कळता अ‍ॅश वारला. तर्क निर्दोष, पुरावा समोर; तरी दोन्ही निष्कर्ष चूक! कागदपत्रं बाजूला ठेवून बायट थेट गतकाळात शिरतात, असं कादंबरीत मोजून तीनदा घडतं. तिसऱ्यांदा, शेवटच्या उपसंहारात, अ‍ॅश कुरणात त्या मुलीला भेटतो, तिच्याशी बोलतो आणि तिच्या केसांची बट मागून घेतो. निघताना तिच्याकडे एक निरोप देतो. खेळाच्या नादात पोर तो विसरते.

या भेटीची नोंद कुणीच केली नाही, म्हणून कोणत्याही संशोधकाला ती कधी सापडणार नाही. पाचशेहून अधिक पानं आपण पुराव्यांमागे धावतो आणि शेवटी उमगतं, की इतिहासाचा अभ्यास लिहिलेल्यावर उभा असतो. माणसं मात्र बरंचसं न लिहिताच जगून जातात.