टॅब आले म्हणजे समता आली?

गैरसमज: शाळेत टॅब आणि स्मार्ट टीव्ही आले की गरीब आणि सुखवस्तू मुलांमधली दरी बुजते.

वस्तुस्थिती: हे ऐकून ऐकून आता संताप येतो. गावकरी लोकवर्गणी काढतात, फीत कापली जाते, ‘डिजिटल शाळा’ असा फलक लागतो. पाचवीतल्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांनाच तो वाचता आला. उरलेल्यांना फळ्यावरचा धडा कळत नव्हता, तो पडद्यावर कसा कळेल?

पेरू देशात ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला. त्यांतल्या बऱ्याच शाळांत मुलांना लॅपटॉप दिले होते. सुमारे १५ महिन्यांनी इतर शाळांच्या तुलनेत भाषा आणि गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही.

मग फरक कशाने पडतो? मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने बालसखी नेमल्या. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या, त्याच परिसरातल्या तरुणी. मागे पडलेल्या १५-२० मुलांना त्या रोज दोन तास वेगळं बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवत. अर्थतज्ज्ञ बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष मांडले: गुण वाढले, आणि सर्वाधिक लाभ तळातल्या मुलांना झाला. वडोदऱ्यात संगणकानेही गणित सुधारलं, कारण तिथले खेळ प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार सोपे-अवघड होत. म्हणजे यंत्राशी वैर नाही. मूल जिथे अडलं आहे तिथून शिकवणं, हा खरा नवा उपक्रम. यंत्र त्याला मदत करत असेल तरच कामाचं.

गैरसमज: पातळीनुसार गट केले की ‘ढ’ असा शिक्का बसतो.
वस्तुस्थिती: हे गट ठरावीक तासापुरतेच असतात. मूल पुढे गेलं की गटही बदलतो. शिक्का बसतो तो न समजणाऱ्या वर्गात वर्षानुवर्षं गप्प बसवल्याने.

गैरसमज: शाळेतला बदल वर्गाच्या भिंतींआतच होतो.
वस्तुस्थिती: बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या. अर्थतज्ज्ञ मुरलीधरन आणि प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत टॅबचा ठराव आला, तर आधी हे विचारा: आपल्या शाळेतल्या किती मुलांना अजून वाचता येत नाही, आणि त्यांना रोज कोण शिकवणार? उत्तर मिळेपर्यंत ठरावाला हात वर करू नका.