मासे आणले, सोबत परजीवीही आला

मासा आणि त्याच्या अंगावर जगणारा परजीवी एकमेकांना घडवत असतात. ज्या माशांची प्रतिकारशक्ती चांगली, ते वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. मासा बदलला की परजीवीही पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातो. यालाच सहउत्क्रांती म्हणतात.

बाल्टिक समुद्राला मिळणाऱ्या नद्यांत सॅमन माशावर जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस नावाचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा कृमी आढळतो. तिथला सॅमन या कृमीसोबतच घडला, म्हणून तो सहसा दगावत नाही. नॉर्वेच्या अटलांटिक सॅमनचा मात्र या कृमीशी कधी संबंधच आला नव्हता. 1970 च्या दशकात मत्स्यशेतीसाठी स्वीडनहून आणलेल्या माशांबरोबर तो नॉर्वेत पोहोचला. हा कृमी अंडी न घालता थेट पिल्लू देतो आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू आधीच वाढत असते. पाहता पाहता सुमारे 50 नद्यांना लागण झाली, सॅमनची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. माशाशिवाय हा कृमी टिकत नाही, म्हणून अनेक नद्यांत रोटेनोन हे विष सोडून सगळेच मासे मारावे लागले.

यात दोष माशाचा नाही, कृमीचाही नाही. न तपासता मासे हलवले, हे त्याचे कारण आहे.

गावतळ्यात मत्स्यबीज सोडण्याच्या योजनांचे आम्ही कार्यकर्ते स्वागतच करतो, कारण त्यातून भूमिहीन कुटुंबांना रोजगार मिळतो. पण ते बीज कुठून आले, त्याची तपासणी झाली का, हे विचारणेही आपलेच काम आहे.