डोंगरातला लाल गळ्याचा शिंजीर

शिक्षकबंधूंनो, फुलाशी भिरभिरणारा इवलासा पक्षी दाखवून मुले ‘हमिंगबर्ड’ म्हणाली, तर नाव दुरुस्त करून द्या. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत राहतो. आपला तो शिंजीर. हमिंगबर्ड अधांतरी तरंगत मध पितो; शिंजीर बहुधा फांदी धरून बसतो.

परसातला जांभळा शिंजीर विणीच्या दिवसांत काळानिळा चमकतो. तो ओळखणे सोपे. पण अकोले तालुक्यात भंडारदरा-हरिश्चंद्रगडाकडच्या रानात गेलात, तर फुललेला पांगारा निरखा. गळा-छाती लालभडक, तीवर बारीक पिवळ्या रेघा आणि पोट राखी, असा नर दिसला की तो विगर्सचा शिंजीर समजावा. साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली त्याचे वर्णन केले. त्याचे घर पश्चिम घाटातच. भारताबाहेर तो नाही. मादी मात्र मळकट हिरवी, पाहणाऱ्याला हमखास चकवते. तेव्हा जोडीचा नर येईपर्यंत थांबावे.