भिंतीवरची खूण आणि नकाशातली रेघ

रस्ते म्हणजे शहराच्या रक्तवाहिन्या, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. या रक्तवाहिन्या कोण आखतो, केव्हा आखतो आणि आखताना रहिवाशाला विचारतो काय, हा प्रश्न मात्र मला मागल्या दिवाळीत पडला.

सुट्टीत मी मामांकडे शहरात गेलो होतो. त्यांच्या घराच्या बाजूच्या भिंतीवर, दारापासून चार हात आत, तांबडी खूण मारलेली होती. मामांनी एक कागद पुढे केला. "तू कॉलेजात हायस, ह्यात काय लिव्हलंय ते सांग बरं." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण 'मंजूर विकास योजनेतील रस्ता' या शब्दांचा अर्थ मलाही सांगता आला नाही. परत आल्यावर ग्रंथालयात बसून जे समजले, ते येथे मांडीत आहे.

याचे मूळ 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्यात आहे. त्याप्रमाणे शहराची विकास योजना साधारणपणे पुढील वीस वर्षांचा विचार करून तयार होते. प्रथम जमिनीचा सध्याचा वापर नकाशावर मांडतात. मग वाढती वस्ती व वाहने यांचा अंदाज घेऊन नवे रस्ते, जुन्यांची रुंदी, बाजार, शाळा, मैदाने यांच्या जागा ठरवितात. हा प्रारूप नकाशा प्रसिद्ध होतो, राजपत्रात व वर्तमानपत्रांत सूचना येते आणि मोजक्या दिवसांत नागरिकांनी लेखी हरकती द्यावयाच्या असतात. नियोजन समिती सुनावणी घेते. शासनाची मंजुरी मिळाली, की रेघ पक्की झाली.

म्हणजे मामांचे घर खूण मारली त्या दिवशी नव्हे, तर कित्येक वर्षांपूर्वीच कागदावर कापले गेले होते. हरकतीची मुदत आली आणि गेली. त्या दिवसांत मामा रोज हमालीला जात होते.

रुंद रस्ता नकोच, असे कोणी म्हणणार नाही. आगीचा बंब किंवा दवाखान्याची गाडी गल्लीत शिरली पाहिजे. पण रस्ता कोणासाठी, हे विचारण्याचा हक्क रहिवाशाला आहे. पुण्याच्या १९८७ च्या विकास योजनेत शहराभोवती फिरणारा सुमारे ३६ किलोमीटरचा उच्च क्षमता द्रुतगती मार्ग आखला होता. तीस वर्षांनंतर तो प्रत्यक्षात आणण्याची वेळ आली, तेव्हा २०१९ मध्ये हजारो नागरिकांनी हरकती घेतल्या. घरे, झाडे व टेकडी यांचे काय, आणि हा मार्ग बससाठी की मोटारींसाठी, असे त्यांचे प्रश्न होते. त्याआधी २०१३ मध्ये जुन्या पुण्याच्या प्रारूप योजनेवर ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. तेथे नकाशा वाचणारे लोक होते, म्हणून हे घडले.

आपल्याकडे काय? लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. पूर्वी कोणीतरी दूरवरचा विचार केला, म्हणूनच ती बाजारपेठ आजही उभी आहे. परंतु आखणी करणाऱ्यांपुढे बैलगाड्या होत्या; आज तेथे ऑटो, टेम्पो व दुचाक्या आहेत. नियोजन चुकते ते असे. म्हणूनच ते वेळोवेळी तपासावे लागते, आणि रोज त्या रस्त्याने चालणाऱ्याइतका चांगला तपासनीस दुसरा नाही.

मित्रहो, आपली देवणीही आता नगरपंचायत झाली आहे, म्हणजे हा कायदा आपल्यालाही लागू आहे. येथे नकाशा लागेल तेव्हा भाजीवाल्या मावशी कोठे बसतील, जनावरे बाजारात कोठून जातील, शाळेची पोरे रस्ता कोठे ओलांडतील, हे त्यावर कोणी लिहायचे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. त्याबरोबर एक दिवस गल्लोगल्ली बसून नकाशा वाचून दाखवावा आणि हरकतीचा अर्ज लिहून द्यावा.

मामांना हे सारे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आधी कळलं असतं तर!" हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडी येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.