भूवेधी रडार : खोलीपूर्वी वेग ठरवावा

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा परिसर डोंगराळ व जंगलव्याप्त आहे. येथे रायोलाइट नावाचा प्राचीन, कठीण ज्वालामुखीजन्य खडक आढळतो. अशा मुलखात विहिरीचे पाणी बहुधा मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांत साठते. म्हणून खडक किती खोलीवर आहे, हे खोदकामापूर्वी कळणे शेतकऱ्याच्या हिताचे होय. या कामी भूवेधी रडार उपयोगी पडते. मात्र त्याचा आकडा पारखून घ्यावा.

हे यंत्र जमिनीत विद्युतचुंबकीय लहरी सोडते. माती व खडक यांच्या सीमेवरून त्या परततात. यंत्र मोजते तो केवळ जाण्यायेण्याचा वेळ. त्यास वेगाने गुणून दोनाने भागले म्हणजे खोली मिळते. हा वेग मुख्यतः जमिनीतील ओलाव्यावर अवलंबून असतो. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, लहर हवेत ३० सेंटिमीटर जाते. कोरड्या वाळूत सुमारे १५, ओल्या चिकणमातीत सुमारे ६, तर पाण्यात अवघे ३.३.

समजा, लहर ८० नॅनोसेकंदांनी परतली. वेग १२ सेंटिमीटर धरल्यास खडक ४.८ मीटरवर येतो. ६ धरल्यास २.४ मीटरवर. नोंद एकच, परंतु फरक जवळजवळ आठ फुटांचा! खोदाईचा करार व कर्जाचा अंदाज अशा आकड्यावर बेतल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते.

वेग ठरविण्याची सोपी रीत म्हणजे जवळच्या उघड्या विहिरीचा आधार घेणे. विहिरीत खडक ३ मीटरवर दिसत असेल आणि तिच्या काठावर लहर ७५ नॅनोसेकंदांनी परतत असेल, तर ६०० सेंटिमीटरला ७५ ने भागावे. वेग ८ सेंटिमीटर निघतो. तेथे विहीर नसल्यास पुरलेल्या नळावरून यंत्र आडवे न्यावे. नोंदीत उलट्या टोपलीसारखी कमान उमटते. कमान अरुंद व उभट असेल तर वेग कमी, पसरट असेल तर जास्त. तिच्या आकारावरून तज्ज्ञ वेग काढतात.

एका शेतातील वेग दुसऱ्या शेतास लावू नये. बरडी जमिनीतील वेग कन्हारातील धानाच्या बांधीस चालत नाही. पावसाळ्यात ओल्या चिकणमातीत लहरी लवकर विरतात व खोलवर पोहोचत नाहीत. म्हणून पाहणी उन्हाळ्यात, बांधी सुकल्यावर करावी. रडार थरांच्या सीमा दाखविते, पाण्याची हमी देत नाही. अधिक खोलीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक पाहणीची तारीख, जमिनीचा प्रकार, ओलावा, धरलेला वेग व तो कसा ठरविला, याची नोंद ठेवावी. शेतकरी बंधूंनीही अहवाल घेताना वेग कसा काढला, हा प्रश्न अवश्य विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावाचून कुदळ मारू नये.