‘बिघाड झाला’ एवढेच पुरेसे नाही

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या दाट वस्तीच्या भागात मोबाईलचे जाळे बंद पडले, तर त्याचा फटका केवळ संभाषणाला बसत नाही. दुकानांतील यूपीआयचे व्यवहार थांबतात, रुग्णवाहिकेसाठी केलेला फोन लागत नाही. अशा जाळ्यावर देखरेख ठेवणारे नियंत्रण केंद्र मात्र बहुधा दूरच्या शहरात असते. तेथील कर्मचाऱ्याला टॉवरजवळची यंत्रे दिसत नाहीत. दिसतो तो फक्त संगणकाच्या पडद्यावर उमटलेला इशारा, म्हणजेच ‘अलार्म’. त्या इशाऱ्यात किती तपशील आहे, यावर सेवा किती लवकर पूर्ववत होणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

टॉवरवरील यंत्रणा सामान्यतः ४८ व्होल्टच्या डीसी विजेवर चालते. महावितरणकडून येणाऱ्या एसी विजेचे रूपांतर ‘रेक्टिफायर’ करतो आणि त्याच वेळी बॅटऱ्याही चार्ज करतो. समजा, रात्री दोन वाजता केंद्राकडे ‘वीजपुरवठ्यात बिघाड’ एवढाच इशारा आला. त्याचे किमान तीन अर्थ होऊ शकतात. संपूर्ण परिसराचीच वीज गेली असेल, तर जनरेटर सुरू झाला की नाही, हे पाहावे लागेल. वीज आहे पण रेक्टिफायर नादुरुस्त असेल, तर तंत्रज्ञाने त्याचा बदली भाग सोबत न्यायला हवा. दोन्ही सुस्थितीत असून बॅटरीच निकामी झाली असेल, तर उपाय निराळा. इशाऱ्यात हा फरक नसेल, तर तंत्रज्ञ रिकाम्या हाताने पोहोचतो, दोष ओळखतो आणि योग्य भाग आणण्यासाठी परत फिरतो. तोवर बॅटरी संपलेली असते.

म्हणूनच केवळ ‘आहे’ वा ‘नाही’ सांगणाऱ्या इशाऱ्यापेक्षा प्रत्यक्ष आकडा अधिक उपयुक्त ठरतो. ४८ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरी संचाचा दाब पूर्ण चार्ज स्थितीत सुमारे ५४ व्होल्ट असतो; वापर सुरू झाला की तो हळूहळू उतरतो. तो किती वेगाने उतरतो आहे हे कळले, तर हाताशी किती अवधी आहे याचा अंदाज बांधता येतो. तापमानाचेही तसेच. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापमानातील सुमारे १० अंशांची कायमची वाढ अशा बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्म्यावर आणते, असा ढोबळ ठोकताळा आहे. खोलीतील पंखा थांबल्याचा इशारा वेळीच मिळाला, तर मोठी हानी टळते.

इशाऱ्यात काय असावे, याची आंतरराष्ट्रीय चौकट १९९२ मध्येच आखली गेली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ‘एक्स.७३३’ या मानकात बिघाड कोणत्या घटकात, कोणत्या प्रकारचा, संभाव्य कारण काय आणि गांभीर्य किती, यांचा समावेश आहे. गांभीर्याच्या श्रेणींत ‘अतिगंभीर’पासून ‘पूर्वसूचने’पर्यंतचे टप्पे असून, दोष दूर झाल्याची नोंदही त्यातच होते.

मात्र तपशील म्हणजे इशाऱ्यांची गर्दी नव्हे. २४ जुलै १९९४ रोजी ब्रिटनमधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्यापूर्वीच्या अवघ्या ११ मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांसमोर २७५ इशारे येऊन आदळले होते. त्यांतील महत्त्वाचे कोणते, हे ओळखणे अशक्यप्राय झाले. मोबाईलच्या जाळ्यातही हेच घडू शकते. एका टॉवरची वीज गेली की त्यावर अवलंबून असलेली दहा यंत्रे एकाच वेळी तक्रार करू लागतात. अशा वेळी मूळ कारणाचा एकच इशारा ठळकपणे दाखवून उरलेले त्याखाली गोळा करणारी यंत्रणा हवी.

थोडक्यात, काय बिघडले, कोठे, केव्हापासून, किती गंभीर आणि कोणी काय करावे, या पाच प्रश्नांची उत्तरे देणारा इशाराच उपयोगाचा. एरवी दूरवरच्या केंद्रातील तो केवळ एक लाल दिवा. पेठेतल्या ग्राहकाला त्याचा काहीच उपयोग नाही.