सातबाऱ्याची शेवटची ओळ

मुलांच्या शिक्षणासाठी घरात संगणक आला, शेजारी प्रिंटरही बसला. आता डिजिटल सहीचा सातबारा घरच्या घरी छापता येतो. परवा आम्ही पीककर्जासाठी उतारा काढला, तो खालून कापलेला! शाई भरलेली, कागद कोरा करकरीत; मग बिघडले कुठे?

बिघाड यंत्रात नव्हता, मापात होता. आपल्याकडे दुकानात मिळतो तो ए-४ कागद २९७ मिलिमीटर लांब. संगणकात मात्र पुष्कळदा 'लेटर' हे अमेरिकेतले माप नेमलेले असते. ते २७९ मिलिमीटरच लांब. त्या १८ मिलिमीटरांत आमची शेवटची ओळ गेली.

विंडोज ११ असेल तर 'स्टार्ट'मधून 'सेटिंग्ज' उघडा. त्यात 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', पुढे 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'. आपल्या प्रिंटरच्या नावावर टिचकी मारा. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' दिसेल. तेथे कागदाचे माप 'ए-४' करून 'ओके' दाबा. कंपनीपरत्वे मांडणी थोडी निराळी असते, पण माप सापडतेच.

एक मात्र ध्यानात असू द्या. छापताना कंट्रोल आणि पी दाबून जी चौकट उघडते, तिथला बदल बहुधा तेवढ्या छपाईपुरताच राहतो. आम्ही दोनदा तिथेच माप बदलले आणि तिसऱ्या खेपेस उतारा पुन्हा तुटला!

प्रेफरन्सेसमध्येच 'ड्राफ्ट' हाही पर्याय बहुधा असतो. त्यात शाई कमी लागते, म्हणून मुलांच्या सरावाच्या कागदांना तो खुशाल लावा. उताऱ्याला नको, अक्षर फिकट उमटते.